वाचकांचे प्रश्न : वेताळाच्या जत्रेला निघताना

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयावरची निघाली, आणि ती सगळी सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा या पट्ट्यातून आलेली आहेत. विषय आहे कॉमिक कॉन, म्हणजे चित्रकथांचे वाचक, चित्रकार आणि प्रकाशक यांचा मेळा. आपल्या देशात असा पहिला मोठा मेळा फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट येथे भरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो मुंबईत आला आणि पुढे बंगळूर, हैदराबाद, पुणे अशा शहरांत पोहोचला. पत्रे लांब असल्यामुळे प्रश्न थोडक्यात दिले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही सांगलीत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारे पाच जण आहोत, तीन मुले आणि दोन मुली. एकाला मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आवडतात, दोघांना अमेरिकी सुपरहिरो, एक जण नागराज या हिंदी कॉमिक्समधल्या नायकाचे जुने अंक जमवतो आणि एका मैत्रिणीला फक्त छायाचित्रे काढायची असतात. गेल्या वर्षी आम्ही एकत्र गेलो आणि सगळा दिवस एकमेकांना शोधण्यात गेला. मोबाइलला रेंज नव्हती. एका मित्राने पहिल्या अर्ध्या तासात सगळे पैसे एका पुतळ्यावर घालवले आणि मग दिवसभर आमच्याकडून उसने घेतले. परतीच्या एसटीत कोणी कोणाशी बोलत नव्हते. यंदा पुन्हा जायचे आहे. एकत्र जावे की आपापले?

उत्तर : एकत्र जा आणि एकत्र परत या, पण मधले सहा तास पाचही जणांनी एकमेकांना धरून राहण्याचा हट्ट सोडून द्या. तुमच्या पत्रातला सगळा वैताग त्या एका हट्टातून आला आहे, असे मला वाटते. मिरजेच्या उरुसाला किंवा गावच्या यात्रेला घरची दहा माणसे जातात तेव्हा ती दिवसभर एका ओळीत फिरत नाहीत. आजी देवळात बसते, मुले पाळण्यापाशी जातात, बायका बांगड्यांच्या दुकानात रमतात, आणि ‘चार वाजता दीपमाळेपाशी’ एवढ्या एका वाक्यावर सगळे पुन्हा गोळा होतात. हा शहाणपणा आपल्याकडे मोबाइलच्या आधीपासून आहे. हजारो माणसे एका छताखाली जमली आणि प्रत्येक जण छायाचित्रे पाठवू लागला की रेंज जाणारच, हे गृहीत धरून निघावे. आत शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सर्वांनी मिळून एक दीपमाळ ठरवावी. ती मुख्य रंगमंचाजवळ नसावी, कारण तिथेच सर्वांत जास्त रेटारेटी असते. पिण्याच्या पाण्याची जागा किंवा मुख्य दरवाजाबाहेरचा एखादा ठळक खांब चालेल. दर दोन तासांनी तिथे यायचे आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त कोणाची वाट पाहायची नाही, एवढे दोन नियम पुरतात. न आलेला माणूस रंगला आहे असे समजावे आणि त्याच्यावर रुसू नये.

मात्र कोणालाही एकटे सोडू नका, दोघांची एक जोडी आणि तिघांचा एक गट करा. आपल्यासारखीच आवड असलेल्याशी जोडी जमवण्याचा मोह होईल, पण किमान पहिल्या दोन तासांसाठी उलटे करून पाहा. मांगा वाचणाऱ्याने नागराजवाल्यासोबत जावे. जपानी मांगाची पाने उजवीकडून डावीकडे का वाचतात, हे आवडीने वाचणाऱ्या मित्राने सांगितले की ते पुस्तक उघडण्याची भीड जाते. त्याच्या बदल्यात नागराजवाला मित्र हे सांगू शकेल की १९८६ मध्ये सुरू झालेल्या त्या नायकाचे सुरुवातीच्या काळातील अनेक अंक प्रताप मुळीक या मराठी चित्रकाराने चितारले, आणि तेच हात अमर चित्र कथेतही दिसतात. अशा गप्पांसाठीच मित्रांबरोबर जायचे असते. नुसती खरेदी तर घरबसल्याही होते.

आता पैशांविषयी. प्रवास, तिकीट आणि जेवण यांचा हिशेब निघण्यापूर्वी वर्गणीने करावा आणि ती रक्कम एकाच्या हाती द्यावी. त्यापुढचा खर्च टीटीएमएम, म्हणजे तुझे तू आणि माझे मी. उसनवारी नाही, हे घरूनच ठरवून निघा. तुमच्या पुतळावाल्या मित्राला मी फार दोष देणार नाही, कारण मीही माझ्या पहिल्या खेपेस दाराजवळच्या दुसऱ्याच दुकानात खिसा रिकामा केला होता आणि पुढचे सगळे दालन हात मागे बांधून पाहिले होते. त्यानंतर एक रीत लावून घेतली. पहिली पूर्ण फेरी काहीही विकत न घेता मारायची, आवडलेल्या वस्तूची किंमत आणि दुकानाची जागा चिठ्ठीवर लिहायची आणि दुसऱ्या फेरीत पाकीट उघडायचे. चिठ्ठीवरच्या निम्म्या वस्तू तोवर आपोआप गळतात. रेंज नसली की फोनवरून पैसे देणेही अडते, म्हणून थोडी रोख रक्कम, शक्यतो शंभराच्या नोटांत, जवळ असावी.

पहिल्या फेरीला एक अपवाद करा. मेळ्याचे नाव कॉमिक्सचे असले तरी बरीचशी जागा टी-शर्ट, बाहुल्या, चषक आणि व्हिडिओ गेम यांनीच व्यापलेली असते, आणि ही माझी जुनी तक्रार आहे. खरी जत्रा भरते ती सहसा एका बाजूला मांडलेल्या चित्रकारांच्या छोट्या टेबलांवर. तिथे पुस्तक लिहिणारा किंवा काढणारा माणूस स्वतः बसलेला असतो. सकाळी दार उघडल्यानंतरच्या पहिल्या तासात त्याच्याकडे वेळ असतो, त्याचा हात थकलेला नसतो आणि रांगही नसते. दुपारनंतर तोच माणूस मान वर न करता सह्या करत असतो. म्हणून यात्रेत जसे आधी दर्शन आणि मग पाळणे, तसे इथे आधी ही टेबले आणि मग बाकीचा बाजार. टेबलापाशी गेल्यावर ‘किती सवलत द्याल’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. चित्र कशाने काढले, कथा कोणाची, छापायला किती दिवस लागले, असे विचारले की माणूस खुलतो. तुम्ही काहीच विकत घेतले नाही तरी त्याला राग येत नाही, फक्त मागे कोणी थांबले असेल तर बाजूला व्हावे.

जाता जाता एक बारीक गोष्ट. पोस्टर घेतले की परतीच्या एसटीत ते चुरगळते. सांगलीतल्या कोणत्याही कापड दुकानात ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी मागितली तर बहुधा फुकट मिळते. ती घरून घेऊन जा.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. आम्ही मिरजेला राहतो. मैत्रिणींबरोबर पुण्याच्या कॉमिक कॉनला एका योद्ध्या स्त्रीचा वेष करून जाण्याचा तिचा हट्ट आहे. घरच्यांना हा बहुरूप्याचा प्रकार वाटतो. शिवाय गर्दीत मुलीने असा वेष करून फिरणे सुरक्षित आहे का, याची काळजी वाटते. तिला सोडावे का?

उत्तर : घरच्यांनी वापरलेला शब्द मला चुकीचा वाटत नाही, पण त्यात कमीपणा तरी कसला? आपल्या शेजारच्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले तेव्हा त्यामागेही कर्नाटकातून आलेल्या यक्षगानाच्या खेळाची आणि त्यातल्या सोंगांची प्रेरणा होती. संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांना ती सोंगे आवडली नसती तर सांगलीला नाट्यपंढरी म्हणण्याची वेळ कदाचित आली नसती. चाहत्यांनी आवडत्या पात्राचा वेष करून मेळ्याला जाण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या विज्ञानकथांच्या पहिल्या जागतिक संमेलनापासून सांगितली जाते. तिथे दोघे जण भविष्यकाळातल्या माणसांचे पोशाख घालून आले होते आणि ते पोशाख त्यांच्यातल्या स्त्रीने, मर्टल डग्लस यांनी, शिवले होते. त्या प्रकाराला ‘कॉसप्ले’ हे नाव नंतर जपानने दिले.

सुरक्षिततेची तुमची काळजी रास्त आहे, त्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहितो. अशा मेळ्यांत एक संकेत पाळला जातो आणि अनेक ठिकाणी तो फलकावर लिहिलेलाही असतो. वेष केलेल्या व्यक्तीचे छायाचित्र तिला विचारल्याशिवाय काढायचे नाही आणि तिला किंवा तिच्या पोशाखाला हात लावायचा नाही. मुलीला हा संकेत आधी समजावून सांगा आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘नको’ म्हणण्याची सवय लावा. आपल्या मुली फोटोला नकार द्यायला संकोचतात. ‘आत्ता नको’ हे दोन शब्द हसून पण ठामपणे म्हणण्याचा घरी आरशासमोर सराव करायला हरकत नाही. कोणी ऐकले नाही तर थेट स्वयंसेवकाकडे किंवा सुरक्षारक्षकाकडे जायचे, वाद घालत उभे राहायचे नाही. मैत्रिणींपैकी एकीने वेष न करता साध्या कपड्यांत सोबत राहावे. मुखवट्यातून बाजूचे दिसत नाही, खांद्यावरचे चिलखत दारात अडकते, हातात ढाल असली की पाण्याची बाटली उघडता येत नाही. अशा वेळी ती सोबतीण उपयोगी पडते, आणि पिशव्या, फोन आणि पैसेही तिच्याकडे राहतात. एक मोठे माणूस त्याच शहरात, हाक मारल्यावर तासाभरात पोहोचेल इतक्या अंतरावर असेल, तर तुम्हालाही झोप लागेल.

पोशाखावर फार खर्च करण्याची गरज नाही. मिरज-सांगलीत शाळांच्या स्नेहसंमेलनासाठी ड्रेपरी भाड्याने देणारे आहेत. त्यांच्याकडे मुकुट, कंबरपट्टे आणि तलवारी हाताळून पाहिल्या तरी अंदाज येतो. चिलखत घरीच करायचे असेल तर पाच ते दहा मिलिमीटर जाडीचा ईव्हीए फोम घ्यावा. चपलांच्या तळव्यासाठी जो वापरतात तोच हा फोम, आणि चपलांच्या कच्च्या मालाच्या दुकानात त्याची चौकशी करता येते. गरम हवेने तो वाकतो आणि थंड झाल्यावर तसाच राहतो. रंग थेट लावला तर फोम तो शोषून घेतो, म्हणून पाणी मिसळलेल्या पांढऱ्या फेविकॉलचे तीन-चार हात देऊन, ते वाळल्यावर वर ॲक्रिलिक रंग द्यावा. फोम चिकटवण्याच्या रबरी डिंकाला उग्र वास येतो, तेव्हा ते काम गच्चीवर किंवा खिडक्या उघड्या ठेवून करू द्या. चेहऱ्याला रंग लावायचा असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून खाज येते का ते पाहा. धातूचे पाते, टोकदार काठी किंवा खरे वाटेल असे हत्यार दारावरच अडवले जाते. नवीन बूट घालू नयेत, ही सूचना सर्वांत साधी आहे आणि सर्वांत कमी पाळली जाते.

चिलखत घालून एसटीत बसू देऊ नका. ते सुटे करून गोणपाटाच्या पिशवीत न्यावे आणि तिथे पोहोचल्यावर बांधावे. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मे भाडे लागते, म्हणजे मुलींच्या वर्गणीत तेवढीच बचत. आणि हो, तिला सोडाच.

प्रश्न : मी साताऱ्याचा निवृत्त शिक्षक आहे. माझ्याकडे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे साठेक अंक आणि ‘चांदोबा’चे काही जुने अंक आहेत. माझा नातू आणि त्याचे मित्र मला कॉमिक कॉनला चला म्हणतात. या वयात त्या पोरांत मी विचित्र दिसेन का? आणि हे अंक तिथे विकता येतील का?

उत्तर : आपले पत्र वाचून मला आनंद झाला, कारण या मेळ्यांत ज्यांनी यायला हवे आणि जे येत नाहीत, त्यांत आपली पिढी पहिली. मार्च १९६४ मध्ये इंद्रजालचा पहिला अंक निघाला तो वेताळाचाच, म्हणजे फँटमचा होता, आणि १९९० मध्ये मालिका थांबली तोवर आठशेहून अधिक अंक झाले होते. अमेरिकी लेखक ली फॉक यांचे वेताळ आणि जादूगार मँड्रेक हे दोघेही १९३०च्या दशकातले, म्हणजे आज तरुण मुले ज्या अमेरिकी सुपरहिरोंचे टी-शर्ट घालून हिंडतात, त्यांपैकी बहुतेकांपेक्षा ते वयाने वडील आहेत. एखाद्या टेबलावर आपण सहज म्हणालात की आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ मी अंक निघाला त्या आठवड्यात वाचला होता, तर आजूबाजूची पोरे खुर्ची आणून देतील.

दिल्लीच्या त्या पहिल्या मेळ्यात १९ फेब्रुवारी २०११ रोजी अमर चित्र कथेचे अनंत पै यांचा जीवनगौरव झाला. वय वर्षे ८१. त्यानंतर पाचच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, त्यांचे निधन झाले. ज्या मेळ्याचा पहिला मानकरी असा होता, तिथे आपल्या वयाच्या माणसाने बिचकण्याचे कारण नाही. अडचण वयाची नाही, पायांची आहे. बसायला जागा कमी असते, म्हणून घडीचे छोटे स्टूल न्यावे, सकाळी लवकर जाऊन दुपारी जेवणापूर्वी बाहेर पडावे आणि नातवाच्या मित्रांना संध्याकाळपर्यंत हुंदडू द्यावे. सातारा ते पुणे अंतर एकशेदहा किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे आपण त्याच दिवशी निवांत घरी पोहोचाल.

विक्रीविषयी माझे मत असे की पहिल्या खेपेस अंक बरोबर नेऊच नयेत. ज्यांनी दुकान घेतले आहे त्यांनाच तिथे विक्री करता येते, आणि गर्दीत घाईघाईने झालेला सौदा पुढे मनाला लागून राहतो. प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र, अंक क्रमांक, साल आणि पाने पूर्ण आहेत की नाहीत याची यादी करून न्यावी. संग्राहक भेटतीलच, त्यांना यादी दाखवावी आणि दोघा-तिघांचे बोलणे ऐकल्याशिवाय किंमत ठरवू नये. किंमत अंकाच्या अवस्थेवर ठरते. मुखपृष्ठ, मधले पान आणि टाचणी शाबूत असेल तर एकाच अंकाला दुसऱ्याच्या कितीतरी पट भाव येतो. तोवर फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, कारण तिचा डिंक काही वर्षांनी तपकिरी होऊन कागदात उतरतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. तो कागद वर्तमानपत्रासारखा, आम्लधर्मी आणि मुळातच अल्पायुषी आहे. ऊन आणि दमट हवा टाळून, अंक पुठ्ठ्याच्या आधाराने उभे ठेवावेत आणि तळमजल्यावर ठेवू नयेत. २०१९च्या महापुरात सांगलीकडच्या किती घरांतली पुस्तके खालच्या कप्प्यात होती म्हणून गेली, ते आठवले की आजही हळहळ वाटते.

‘चांदोबा’ ही चित्रकथा नव्हे, सचित्र गोष्टींचे मासिक. मराठीत तो १९५२ पासून निघू लागला. त्याचे संग्राहक वेगळे असतात, म्हणून ती यादी निराळी करावी. आणि विकण्यापूर्वी नातवाला एकदा विचारावे. त्याने आपल्याला बोलावले आहे ते कदाचित त्या अंकांमुळेच.

प्रश्न : आम्ही कऱ्हाडचे तिघे मित्र मराठीत एक कॉमिक काढत आहोत. एकाची कथा, एकाचे चित्र, मी रंग भरतो. मेळ्यात टेबल घेऊन ते विकावे का? मराठी कॉमिक तिथे कोण घेणार?

उत्तर : पहिल्या वर्षी टेबल न घेता पाहुणे म्हणून जा आणि जवळ पंचवीस-तीस प्रती ठेवा, विकायला नव्हे, दाखवायला. भाडे, प्रवास, दोन रात्रींचा मुक्काम आणि छपाई यांची बेरीज केलीत तर पहिल्याच अंकावर ती वसूल होणे अवघड आहे. टेबल हवेच असेल तर आणखी एखाद्या गटाबरोबर मिळून घ्या, मात्र तशी मुभा आहे का ते आयोजकांना लेखी विचारून ठेवा. अंक मधोमध टाचणी मारून बांधायचा असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, सोळा किंवा चोवीस. अठरा पानांची कथा घेऊन छापखान्यात गेलात तर दोन पाने कोरी राहतील. रंगीत छपाईचा खर्च पाहून धाप लागली तर काळ्या-पांढऱ्यात काढा आणि रंग फक्त मुखपृष्ठाला द्या. तुमच्या वाट्याचे काम त्यामुळे कमी होईल, याची जाणीव ठेवून हे लिहीत आहे.

मराठी कॉमिक कोण घेणार, या प्रश्नातला धीर सुटलेला सूर मात्र मला पटत नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला आणि त्यावर एक अख्खी पिढी वाढली. वाचक आहे, त्याच्यासमोर चोवीस पानांचा अंक क्वचितच येतो. तोक्योमध्ये हौशी चित्रकारांचा ‘कॉमिकेट’ हा मेळा डिसेंबर १९७५ मध्ये प्रथम भरला तेव्हा त्यात ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसे होती. आज तिथे लाखोंची गर्दी होते आणि तरीही टेबलापलीकडे बसलेले बहुतेक जण तुमच्यासारखेच दोघे-तिघे मित्र असतात. तुमची पात्रे कऱ्हाडची असतील तर त्यांना कऱ्हाडचेच बोलू द्या. प्रीतिसंगमावर भेळ खाणारा नायक पुण्याच्या पुस्तकी भाषेत बोलू लागला तर पहिला अंक तुमचे शेजारीसुद्धा घेणार नाहीत.

प्रश्न : तिकीट एका दिवसाचे काढावे की सगळ्या दिवसांचे? आम्ही चौघी सांगलीहून प्रथमच जाणार आहोत.

उत्तर : एका दिवसाचे. मेळा शनिवार-रविवारी असेल तर शनिवार निवडा, म्हणजे थकवा उतरवायला रविवार उरतो. तिकिटासोबत पुष्कळदा एखादे कॉमिक किंवा पोस्टर मिळते, ते आत शिरतानाच मागून घ्या. सांगली ते पुणे हे अंतर सुमारे २३० किलोमीटर, एसटीने पाच तास धरा, म्हणजे दार उघडताना पोहोचायचे तर पहाटेची गाडी किंवा आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम. मेळा मुंबईचा असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी पोहोचवते. परतीचे आरक्षण मात्र मेळ्याचे तिकीट काढाल त्याच दिवशी करा, कारण सुटीच्या संध्याकाळी स्वारगेटवरून सांगलीकडे येणाऱ्या गाडीत पुठ्ठ्याच्या नळ्या घेऊन उभे राहायलाही जागा नसते.